रशिया–जपान युद्ध

रशिया–जपान युद्ध हे रशियन साम्राज्य व जपानी साम्राज्य यांच्यात ८ फेब्रुवारी १९०४ ते ५ सप्टेंबर १९०५ या काळात झालेले युद्ध होय. मांचुरिया व कोरिया या प्रदेशांवर कोणाचे वर्चस्व राहावे, हा या युद्धाचा मूळ प्रश्न होता. जमिनीवरील प्रमुख लढाया दक्षिण मांचुरियात, म्हणजे चीनच्या भूमीवर झाल्या. चीन मात्र या युद्धात तटस्थ होता. कोरियानेही युद्धापूर्वी तटस्थता जाहीर केली होती, परंतु तिची दखल कोणी घेतली नाही. युद्धात जपानचा विजय झाला. अर्वाचीन काळात एका आशियाई राष्ट्राने बड्या युरोपीय सत्तेला पराभूत केल्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानले जाते.

रशियात त्या काळी ज्युलियन कालगणना रूढ होती व ती विसाव्या शतकात ग्रेगोरियन कालगणनेच्या १३ दिवस मागे होती. या लेखातील सर्व तारखा ग्रेगोरियन कालगणनेनुसार आहेत.

पार्श्वभूमी

इ.स. १८६८ च्या मेइजी पुनःस्थापनेनंतर जपानने सैन्य, आरमार, शिक्षण व उद्योग यांची पाश्चात्त्य धर्तीवर झपाट्याने उभारणी केली. कोरिया परकीय सत्तेच्या हाती गेल्यास जपानची सुरक्षितता धोक्यात येईल, अशी जपानी राज्यकर्त्यांची धारणा होती. या प्रश्नावरून १८९४-९५ मध्ये चीन व जपान यांच्यात युद्ध झाले. त्यात चीनचा पराभव झाला आणि १७ एप्रिल १८९५ रोजी शिमोनोसेकीचा तह झाला. या तहाने लियाओतुंग द्वीपकल्प जपानला मिळाला. पोर्ट आर्थर हे महत्त्वाचे बंदर याच द्वीपकल्पाच्या टोकाशी आहे.

तहानंतर आठवडाही उलटला नाही तोच रशिया, जर्मनी व फ्रान्स या तीन राष्ट्रांनी एकत्र येऊन हा द्वीपकल्प चीनला परत करण्याचा ‘सल्ला’ जपानला दिला. तीन सत्तांशी एकाच वेळी लढण्याचे बळ नसल्याने जपानने वाढीव युद्धखंडणी घेऊन माघार पत्करली. ही नामुष्की जपानी जनतेच्या मनात सलत राहिली. त्यातच मार्च १८९८ मध्ये रशियाने तेच पोर्ट आर्थर चीनकडून २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले. हिवाळ्यात न गोठणारे बंदर पॅसिफिक किनाऱ्यावर मिळावे, ही रशियाची जुनी आकांक्षा होती. व्लादिवोस्तोकचे बंदर हिवाळ्यात बर्फाने अडत असे. मांचुरियातून जाणाऱ्या रेल्वेची सवलत रशियाने १८९६ मध्येच मिळवली होती. आता तिचा एक फाटा हार्बिनपासून पोर्ट आर्थरपर्यंत नेण्यात आला.

इ.स. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंड उद्भवले. रेल्वेच्या रक्षणाचे कारण पुढे करून रशियाने संपूर्ण मांचुरियात सैन्य घुसवले. १९०२ च्या करारानुसार हे सैन्य तीन टप्प्यांत काढून घ्यावयाचे होते. पहिला टप्पा पार पडला, पण एप्रिल १९०३ मध्ये ठरलेला दुसरा टप्पा रशियाने पाळला नाही. दरम्यान ३० जानेवारी १९०२ रोजी इंग्लंड व जपान यांच्यात मैत्रीचा करार झाला होता. जपानचे एका राष्ट्राशी युद्ध झाल्यास इंग्लंडने तटस्थ राहावे व दुसरे राष्ट्र शत्रूच्या बाजूने उतरल्यास जपानच्या मदतीस यावे, असे त्यात ठरले. त्यामुळे १८९५ प्रमाणे अनेक सत्तांनी मिळून आपल्याला अडवण्याची भीती जपानला उरली नाही.

ऑगस्ट १९०३ पासून उभय देशांत वाटाघाटी सुरू झाल्या. कोरियातील जपानचे वर्चस्व रशियाने मान्य करावे व त्या बदल्यात मांचुरियातील रशियाचे हितसंबंध जपानने मान्य करावेत, असा जपानच्या प्रस्तावाचा सारांश होता. रशियाने उलट कोरियाचा ३९ व्या अक्षवृत्ताच्या उत्तरेकडील भाग तटस्थ पट्टा मानावा, असे सुचवले. सेंट पीटर्सबर्गहून उत्तरे येण्यास विलंब होत गेला. अखेर ६ फेब्रुवारी १९०४ रोजी जपानने राजनैतिक संबंध तोडले.

उभय पक्षांचे बलाबल

लोकसंख्या, क्षेत्रफळ व एकूण सैन्य या सर्व बाबतींत रशिया जपानपेक्षा कितीतरी मोठा होता. परंतु त्याचे बहुतेक सैन्य युरोपीय भागात, रणभूमीपासून हजारो किलोमीटर दूर होते. सैन्य व रसद पोहोचवण्यासाठी ट्रान्स-सैबेरियन रेल्वेचा एकेरी मार्ग एवढाच आधार होता आणि युद्धाच्या आरंभी तोही अखंड नव्हता. बैकाल सरोवराला वळसा घालणारा टप्पा अपुरा असल्याने गाड्या व माणसे जहाजातून पलीकडे न्यावी लागत. १९०४ च्या हिवाळ्यात सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर रूळ टाकून घोड्यांकरवी डबे ओढून नेण्यात आले. त्याच वर्षी वळशाचा मार्ग पूर्ण झाला व रशियाची कुमक वाढू लागली. म्हणूनच लवकर निर्णायक विजय मिळवणे जपानला अत्यावश्यक होते.

जपानची अडचण पैशाची होती. बँक ऑफ जपानचे उपाध्यक्ष ताकाहाशी कोरेकियो यांनी लंडन व न्यूयॉर्क येथे कर्जरोखे विकून युद्धखर्चाचा मोठा भाग उभा केला. न्यूयॉर्कचे बँकर जेकब शिफ यांनी त्यांना मोलाचे साहाय्य केले. रशियातील ज्यूंवर होणाऱ्या अत्याचारांमुळे शिफ हे झारशाहीचे कडवे विरोधक बनले होते.

युद्धाचा आरंभ

८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानच्या विनाशिकांनी पोर्ट आर्थरबाहेर नांगरलेल्या रशियन आरमारावर पाणतीरांनी हल्ला केला. दोन युद्धनौका व एक क्रूझर यांचे मोठे नुकसान झाले. युद्धाची औपचारिक घोषणा मात्र १० फेब्रुवारीला झाली. ९ फेब्रुवारीला कोरियातील चेमुल्पो (आजचे इंचॉन) बंदराबाहेर रशियाची ‘वर्याग’ ही क्रूझर व ‘कोरियेत्स’ ही तोफनौका यांनी मोठ्या जपानी ताफ्याशी झुंज दिली. पुढे त्या शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून रशियनांनीच त्यांचा नाश केला. जपानी सैन्य कोरियात उतरून उत्तरेकडे सरकू लागले.

खचलेल्या रशियन आरमाराला धीर देण्यासाठी ॲडमिरल स्तेपान मकारोव्ह यांची नेमणूक झाली. परंतु १३ एप्रिल रोजी त्यांची ‘पेत्रोपावलोव्स्क’ ही युद्धनौका पाणसुरुंगावर आदळून बुडाली. मकारोव्ह यांच्यासह युद्धविरोधी चित्रांसाठी ख्यातनाम असलेले चित्रकार वसिली वेरेश्चागिन यांचाही तीत अंत झाला. १५ मे रोजी जपानच्या ‘हात्सुसे’ व ‘याशिमा’ या दोन युद्धनौकाही पाणसुरुंगांमुळेच गमवाव्या लागल्या.

जनरल कुरोकी यांच्या सैन्याने १ मे १९०४ रोजी यालू नदीवर रशियनांचा पराभव केला. मे अखेरीस नानशान टेकडी जिंकून जपानने पोर्ट आर्थरचा भूमार्ग तोडला.

पोर्ट आर्थरचा वेढा

पोर्ट आर्थर घेण्याची कामगिरी जनरल नोगी मारेसुके यांच्या तिसऱ्या सैन्याकडे होती. १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धात हे ठाणे एका दिवसात पडले होते आणि त्या हल्ल्यात नोगी स्वतः सहभागी होते. या वेळी परिस्थिती वेगळी होती. रशियनांनी डोंगरमाथ्यांवर काँक्रीटचे बुरूज, काटेरी तारांची कुंपणे, खंदक व मशीनगनी यांची फळी उभारली होती. ऑगस्ट १९०४ मधील पहिल्या मोठ्या हल्ल्यात काही दिवसांतच जपानचे १५ हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले.

यानंतर जपानने किनारी किल्ल्यांवरील २८ सेंटिमीटर व्यासाच्या अवजड तोफा आणवल्या आणि भुयारे व खंदक खणत पुढे सरकण्याचे तंत्र स्वीकारले. ५ डिसेंबर रोजी ‘२०३ मीटर टेकडी’ त्यांच्या हाती आली. तेथून संपूर्ण बंदर नजरेच्या टप्प्यात येत असल्याने अडकून पडलेल्या रशियन नौका तोफांच्या माऱ्याने एकामागून एक निकामी झाल्या. बचावाचा आधारस्तंभ असलेले जनरल कोंद्रातेंको १५ डिसेंबरला मारले गेले व २ जानेवारी १९०५ रोजी जनरल स्टेसेल यांनी शरणागती पत्करली. या वेढ्यात जपानचे ठार व जखमी मिळून ५० हजारांहून अधिक सैनिक कामी आले. नोगी यांचे दोन्ही पुत्र याच युद्धात मृत्यू पावले, थोरला नानशान येथे व धाकटा २०३ मीटर टेकडीवर. १९१२ मध्ये सम्राट मेइजी यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी नोगी व त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली.

मांचुरियातील लढाया

फील्ड मार्शल ओयामा इवाओ यांच्या सेनापतित्वाखालील जपानी सैन्य व जनरल अलेक्सेई कुरोपात्किन यांचे रशियन सैन्य यांच्यात लियाओयांग (ऑगस्ट–सप्टेंबर १९०४) व शाहो नदी (ऑक्टोबर १९०४) येथे मोठ्या लढाया झाल्या. पूर्ण कुमक येईपर्यंत मागे हटत राहण्याचे कुरोपात्किन यांचे धोरण होते. त्यामुळे त्यांचे सैन्य शाबूत राहिले, तरी सैनिकांचे मनोधैर्य खचत गेले.

२० फेब्रुवारी ते १० मार्च १९०५ या काळात मुक्देन (आजचे शेनयांग) येथे सर्वांत मोठी लढाई झाली. दोन्ही बाजू मिळून सुमारे सहा लाख सैनिक या लढाईत उतरले होते. रशियाची सुमारे ९० हजार, तर जपानची ७० हजारांहून अधिक हानी झाली. त्यात ठार, जखमी व युद्धकैदी यांचा समावेश होतो. रशियन सैन्य उत्तरेकडे हटले. पाठलाग करून त्याचा नाश करण्याइतके बळ जपानकडे उरले नाही.

त्सुशिमाची लढाई

पोर्ट आर्थरच्या आरमाराला सोडवण्यासाठी रशियाने बाल्टिक समुद्रातील ताफा ॲडमिरल झिनोव्ही रोझेस्तवेन्स्की यांच्या नेतृत्वाखाली १५ ऑक्टोबर १९०४ रोजी रवाना केला. आठवड्याभरातच, २१ ऑक्टोबरच्या रात्री, उत्तर समुद्रातील डॉगर बँक येथे इंग्रज मच्छीमार नौकांना जपानी पाणतीर नौका समजून या ताफ्याने गोळीबार केला. त्यात मच्छीमार मृत्युमुखी पडले आणि इंग्लंड व रशिया यांच्यात युद्धाचा प्रसंग उभा राहिला. अखेर आंतरराष्ट्रीय चौकशी आयोग नेमून व रशियाने नुकसानभरपाई देऊन हे प्रकरण मिटवण्यात आले.

ताफ्याच्या मोठ्या नौका आफ्रिकेला वळसा घालून, तर काही लहान नौका सुएझ कालव्यातून गेल्या. वाटेत रशियाचे स्वतःचे एकही बंदर नव्हते. कोळसा जर्मन जहाजांकडून, बहुधा भर समुद्रात घ्यावा लागे. ताफा मादागास्करजवळ असतानाच पोर्ट आर्थर पडल्याची वार्ता आली व मोहिमेचे मूळ प्रयोजनच संपले. तरीही पुढे जाण्याचा आदेश कायम राहिला. सुमारे ३३ हजार किलोमीटरचा प्रवास करून हा ताफा मे १९०५ मध्ये कोरिया व जपान यांच्या दरम्यानच्या सामुद्रधुनीत पोहोचला.

२७ मे च्या पहाटे जपानच्या टेहळणी नौकेने बिनतारी यंत्रणेवरून शत्रू दिसल्याचा संदेश पाठवला. ॲडमिरल तोगो हैहाचिरो यांनी ‘मिकासा’ या ध्वजनौकेवरून आपल्या रांगेला शत्रूसमोरच वळण देऊन रशियन ताफ्याच्या अग्रभागावर तोफांचा मारा केंद्रित केला. जपानी नौकांचा वेग, तोफचींचा सराव व स्फोटक गोळे यांपुढे लांबच्या प्रवासाने थकलेला रशियन ताफा टिकला नाही. दुसऱ्या दिवशी ॲडमिरल नेबोगातोव्ह यांनी उरलेल्या युद्धनौकांसह शरणागती पत्करली. जखमी रोझेस्तवेन्स्कीही कैद झाले. ३८ रशियन जहाजांपैकी केवळ तीन व्लादिवोस्तोकला पोहोचली. रशियाचे सुमारे पाच हजार खलाशी मरण पावले व सुमारे सहा हजार कैद झाले. जपानचे ११७ जण मृत्युमुखी पडले व तीन पाणतीर नौका बुडाल्या.

पोर्ट्‌समथचा तह

त्सुशिमानंतर दोन्ही पक्षांना तहाची गरज भासू लागली. जपानचे मनुष्यबळ व पैसा संपत आला होता. रशियात २२ जानेवारी १९०५ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झारकडे अर्ज घेऊन निघालेल्या निःशस्त्र कामगारांवर सैनिकांनी गोळीबार केला. ‘रक्तरंजित रविवार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या घटनेनंतर देशभर संप व उठाव सुरू झाले. जूनमध्ये ‘पोटेमकिन’ या युद्धनौकेवरील खलाशांनी बंड केले.

अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या मध्यस्थीने ऑगस्ट १९०५ मध्ये अमेरिकेतील पोर्ट्‌समथ येथे वाटाघाटी झाल्या. रशियातर्फे सर्गेई विट्टे व जपानतर्फे परराष्ट्रमंत्री कोमुरा जुतारो हे प्रमुख प्रतिनिधी होते. ५ सप्टेंबर १९०५ रोजी तहावर सह्या झाल्या. त्यातील मुख्य कलमे अशी :

१. कोरियातील जपानचे राजकीय, लष्करी व आर्थिक वर्चस्व रशियाने मान्य केले.
२. पोर्ट आर्थरसह लियाओतुंगचा भाडेपट्टा व दक्षिण मांचुरियातील रेल्वे जपानला मिळाली.
३. साखालिन बेटाचा ५० व्या अक्षवृत्ताच्या दक्षिणेकडील भाग जपानला मिळाला.
४. भाडेपट्ट्याचा प्रदेश वगळता मांचुरियातून दोन्ही देशांनी सैन्य काढून घेण्याचे ठरले.

रशियाने युद्धखंडणी देण्यास मात्र ठाम नकार दिला. विजयाच्या बातम्या ऐकत आलेल्या, पण वाढीव करांनी पिचलेल्या जपानी जनतेला हा तह अपमानास्पद वाटला. देशाची तिजोरी रिती झाल्याचे सरकारने लोकांना कळू दिले नव्हते. सही झाली त्याच दिवशी टोकियोच्या हिबिया उद्यानातून दंगली उसळल्या. त्यांत १७ जण ठार झाले व राजधानीत लष्करी कायदा पुकारावा लागला. रूझवेल्ट यांना १९०६ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

जीवितहानी व रोगराई

या युद्धात जपानचे ८० हजारांच्या आसपास सैनिक मृत्यू पावले. रशियाच्या मृतांच्या संख्येबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत, मात्र ती ४० हजारांहून कमी नसावी असे मानले जाते. जपानी मृतांपैकी सुमारे २७ हजार बेरीबेरी या रोगाचे बळी होते. सैनिकांना मुख्यतः सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात मिळत असे. आहार बदलून हा रोग टाळता येतो, हे ताकाकी कानेहिरो या वैद्याने जपानी आरमारात १८८० च्या दशकातच दाखवून दिले होते व तेथे आहारात जवाचा समावेश झाला होता. लष्कराच्या वैद्यकीय वरिष्ठांनी मात्र ते मानले नाही. पुढे हा रोग जीवनसत्त्व ब१ च्या अभावाने होतो, हे सिद्ध झाले.

रणभूमीवरील चिनी रहिवाशांची घरे, शेते व जनावरे यांचा मोठा नाश झाला. हेरगिरीच्या संशयावरून दोन्ही सैन्यांनी अनेक चिनी नागरिकांना देहदंड दिला. चिनी लेखक लू शून तेव्हा जपानमधील सेंदाई येथे वैद्यक शिकत होते. अशाच एका देहदंडाचे व ते निर्विकारपणे पाहणाऱ्या चिनी जमावाचे चित्र वर्गात पाहून आपण वैद्यक सोडून साहित्याकडे वळलो, असे त्यांनी पुढे लिहिले. युद्धानंतरही समुद्रात तरंगणाऱ्या पाणसुरुंगांमुळे चिनी मच्छीमार व प्रवासी मरत राहिले.

दोन्ही देशांत युद्धाला विरोध करणारेही होते. लिओ टॉलस्टॉय यांनी १९०४ मध्ये युद्धाचा निषेध करणारा प्रदीर्घ लेख लिहिला. त्याच वर्षी जपानी कवयित्री योसानो आकिको यांनी सैन्यातील धाकट्या भावाला उद्देशून लिहिलेल्या कवितेवर देशद्रोहाचा आरोप झाला.

परिणाम

रशियात क्रांतीचा जोर वाढून ऑक्टोबर १९०५ मध्ये झार निकोलस दुसरा याला नागरी हक्क व निर्वाचित सभा (दूमा) देण्याचे जाहीर करावे लागले. पूर्वेकडील विस्तार थांबल्यावर रशियाचे लक्ष पुन्हा बाल्कन प्रदेशाकडे वळले. १९०७ मध्ये रशिया व इंग्लंड यांच्यात करार होऊन पहिल्या महायुद्धापूर्वीची गटरचना पक्की झाली.

सर्वांत मोठी किंमत कोरियाने मोजली. नोव्हेंबर १९०५ मध्ये जपानने त्याला आपले संरक्षित राज्य बनवले. सम्राट कोजोंग यांनी १९०७ च्या हेग परिषदेकडे दाद मागण्यासाठी दूत पाठवले, परंतु त्यांना परिषदेत प्रवेश मिळाला नाही व सम्राटांना पदत्याग करावा लागला. ऑगस्ट १९१० मध्ये कोरिया जपानी साम्राज्यात विलीन करण्यात आला. ही राजवट १९४५ पर्यंत टिकली.

१९०७ च्या हेग परिषदेत, पूर्वसूचनेशिवाय युद्ध सुरू करू नये व पाणसुरुंगांच्या वापरावर मर्यादा असावी, असे करार झाले. त्यांमागे या युद्धाचा अनुभव होता. खंदक, काटेरी तारा व मशीनगन यांचे सामर्थ्य परदेशी लष्करी निरीक्षकांनी प्रत्यक्ष पाहिले होते. परंतु जबर हानी सोसूनही जपानी पायदळ जिंकले, म्हणून चढाईची जिद्द असल्यास तटबंदी जिंकता येते, असाच निष्कर्ष अनेकांनी काढला. त्याचे परिणाम १९१४ नंतर पश्चिम आघाडीवर दिसून आले.

आशियातील व भारतातील पडसाद

गोऱ्या सत्ता अजिंक्य आहेत, या समजुतीला या युद्धाने धक्का दिला. सुन यत्-सेन यांनी १९२४ मध्ये कोबे येथील भाषणात या विजयाने आशियाई लोकांत निर्माण झालेल्या आशेचे वर्णन केले. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रातून जपानच्या यशाची चर्चा केली. मे १९०५ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला पोहोचलेल्या जवाहरलाल नेहरूंना डोव्हर ते लंडन या रेल्वेप्रवासात त्सुशिमाची बातमी वाचून झालेला आनंद त्यांनी आत्मचरित्रात नमूद केला आहे. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने जपानच्या उदयाकडे वाचकांचे लक्ष वेधले. त्याच वर्षी वंगभंगाविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्वदेशी चळवळीतही स्वावलंबी राष्ट्राचे उदाहरण म्हणून जपानचा उल्लेख होत असे.

मात्र आशियातील पारतंत्र्याविरुद्ध आशेचे प्रतीक ठरलेल्या जपानने याच विजयाच्या बळावर कोरियाचे स्वातंत्र्य हिरावून घेतले. दक्षिण मांचुरियात मिळालेल्या रेल्वेच्या रक्षणासाठी ठेवलेल्या जपानी सैन्यातूनच पुढे क्वांतुंग सेना उभी राहिली आणि १९३१-३२ मध्ये तिने संपूर्ण मांचुरिया व्यापला.